आठ अंगांना एकच परवाना कशाला?

आयुर्वेदावरचा वाद आपल्याकडे नेहमी एकगठ्ठा होतो. एकाला त्यातले सगळे त्रिकालाबाधित वाटते, दुसऱ्याला सगळेच थोतांड, आणि सरकार दोघांनाही बाजूला सारून बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीला काही ना काही सरसकट देऊन मोकळे होते. ज्या शास्त्राने आपला पसारा पहिल्यापासून आठ अंगांत वाटून घेतला, त्याच्याबाबत तिघेही सब घोडे बारा टक्के याच न्यायाने चालतात. वाग्भट या जुन्या ग्रंथकाराने ही आठ अंगे एका ओळीत ओवली आहेत: काय, बाल, ग्रह, ऊर्ध्वांग, शल्य, दंष्ट्रा, जरा आणि वृष. म्हणजे कायचिकित्सा (औषधाने शरीराचे उपचार), कौमारभृत्य (मुलांचे रोग), भूतविद्या (ग्रहबाधा), शालाक्य (डोळे, कान, नाक असे मानेवरचे रोग), शल्य (शस्त्रकर्म), अगदतंत्र (विषावरचे उपचार), रसायन (म्हातारपण लांबवणे) आणि वाजीकरण (कामशक्ती). यांतल्या प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासावा, प्रशिक्षण वेगळे मोजावे आणि अधिकारही वेगळा द्यावा, असे माझे म्हणणे आहे. त्याला परंपरेचाच आधार आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सव्विसाव्या अध्यायात डोळ्यांचे रोग येतात. तिथे ग्रंथकार थांबतो. या रोगांची लक्षणे आणि उपचार शालाक्यतंत्रात सांगितले आहेत, 'पराधिकारे तु न विस्तरोक्तिः शस्ता', दुसऱ्याच्या अधिकारातल्या विषयावर विस्ताराने बोलणे बरे नव्हे, म्हणून आमचा इथे तसा प्रयत्न नाही, असे तो स्वच्छ सांगतो. गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गाठीच्या, अध्यायातही तेच. गुल्म पिकला की पुढच्या क्रियेचा अधिकार धान्वंतरीयांचा, म्हणजे शस्त्र चालवणाऱ्यांचा. कायचिकित्सेचा सर्वांत मोठा ग्रंथ आपल्या कामाची हद्द अशी स्वतः आखून देतो. आठ अंगे म्हणजे नुसती विषयांची अनुक्रमणिका नव्हे. रुग्ण कुठवर आपला आणि कुठून पुढे दुसऱ्याचा, याची ती वाटणी आहे.

शल्याचा मुख्य ग्रंथ लिहिणाऱ्या सुश्रुताने तर परवान्याचा क्रमच घालून दिला. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात, वैद्याने व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी काय काय झालेले असावे, ते ओळीने येते: शास्त्र शिकलेले हवे, त्याचा अर्थ उमगलेला हवा, कर्म डोळ्यांनी पाहिलेले हवे, हाताने सराव केलेला हवा, शास्त्र दुसऱ्याला समजावून सांगता यायला हवे आणि मग राजाची अनुज्ञा. अनुज्ञा शेवटी येते. त्याच्या आधीचा अध्याय सगळा सरावाचाच आहे. छेदन शिकायचे ते कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर. लेखन, म्हणजे खरवडणे, केसाळ कातड्यावर, वेधन मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. एषण, म्हणजे सळईने वाट शोधणे, किडीने पोखरलेल्या लाकडात. आहरण फणस आणि बेलफळाच्या मगजातून आणि मेलेल्या जनावराचे दात उपटून. विस्रावण, म्हणजे पू-रक्त वाहू देणे, मेण लावलेल्या सावरीच्या फळीवर, सीवन जाड-पातळ कापडाच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर, पट्टा बांधणे बाहुल्याच्या अवयवांवर, अग्नी आणि क्षार मांसाच्या मऊ तुकड्यांवर. हे सगळे सांगण्याआधीच तो बजावतो की कितीही शिकलेला असो, ज्याने योग्या, म्हणजे हा सराव, केली नाही तो कर्माला अयोग्य. शारीरस्थानात शवाचे शिक्षण आहे. देह मुंज, साल, कुश वा ताग यांनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचा, सात रात्रींनी नीट कुजला की काढून वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर पाहायचा.

ही शिस्त पुढे तुटली. शस्त्रकर्म पोथी वाचणाऱ्या वैद्यांच्या हातून सुटले आणि कारागिरांच्या घराण्यांत गेले. याचा सर्वांत ठळक दाखला पुण्याचा आहे. टिपूच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर गेलेला कावसजी नावाचा मराठी गाडीवान पकडला गेला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ त्याला नवे नाक लावले गेले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे सविस्तर वर्णन छापून आले. नाकाच्या मापाचे पातळ मेण घेऊन ते कपाळावर सपाट करायचे, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची, दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवायची, कातडी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या कापून ताज्या केलेल्या कडांत बसवायची. पाचसहा दिवस रुग्णाला उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या घालायच्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. पट्टी लवकर कापली तर रक्तपुरवठा तुटून कातडी मरते, म्हणून ती तेवढे दिवस राखायची. करणारा विटा पाडणाऱ्या जातीतला होता. सुश्रुताने गालाची कातडी सांगितली होती, इथे कपाळाची वापरली गेली, म्हणजे कौशल्य पोथीबाहेर जगले आणि बदललेही. लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये हीच पद्धत आपल्याकडे करून पाहिली. सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्यांनी हा कारागीर विसरू नये. वारसा हात चालवणाऱ्याकडे होता.

आता २०२० च्या नोव्हेंबरातली अधिसूचना पाहू. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती करून शल्याच्या ३९ आणि शालाक्याच्या १९ अशा ५८ क्रिया नावानिशी दिल्या आणि पदवी संपल्यावर त्या स्वतंत्रपणे करता याव्यात इतके शिक्षण द्यावे असे म्हटले. हे नवे काही नाही, आधीपासून चाललेलेच स्पष्ट केले, असा खुलासा आयुष मंत्रालयाने केला. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबरला देशभर बंद पाळला. मग 'मिक्सोपॅथी' (वैद्यकपद्धतींची सरमिसळ) विरुद्ध 'स्वदेशी' असा धुरळा उडाला आणि खरा प्रश्न त्याखाली गाडला गेला. यादीत क्रियांची नावे आहेत, पण कोणती क्रिया किती वेळा पाहिल्यावर, किती वेळा मदतनीस म्हणून आणि किती वेळा देखरेखीखाली केल्यावर 'स्वतंत्र' म्हणायचे, याचा आकडा त्या नावांपुढे नाही. सुश्रुताच्या क्रमात जी अनुज्ञा शेवटी होती ती इथे सुरुवातीला आली.

आणि ५८ क्रिया एका दर्जाच्या नाहीत. त्यांत गळू फोडण्यापासून कृत्रिम भिंग बसवून मोतीबिंदू काढण्यापर्यंत आणि दाताच्या रूट कॅनालपर्यंत सगळे आहे. सुश्रुताने लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूसारख्या दृष्टिनाशावर, शलाकेने दृष्टीआडचा गढूळ भाग बाजूला सारायला सांगितला, त्या काळासाठी ते मोठेच काम होते. पण आजच्या मोतीबिंदूत दोनतीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचा गर अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतात आणि भिंगाच्या पिशवीचा मागचा अतिशय पातळ पडदा शाबूत ठेवून त्यावर नवे भिंग टेकवतात. तो पडदा फाटला तर आतला काचद्रव पुढे येतो, गराचे तुकडे मागे घसरतात, आणि ते तिथल्या तिथे ओळखून सावरता आले नाही तर डोळा जातो. हा हात सूक्ष्मदर्शकाखाली, देखरेखीत, पुष्कळ डोळे करूनच बसतो. शालाक्याची पदवी घेणाऱ्याला तसा सराव मिळाला असेल तर तो जरूर करो. मिळाला नसेल तर संहितेतला श्लोक त्या डोळ्याला वाचवणार नाही.

याच शल्य शाखेत दुसरे टोक आहे आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे: भगंदरावरचे (गुदाजवळच्या नासूरावरचे) क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचे लेप दिलेला दोरा. सुश्रुताने कृश, दुर्बळ, भित्र्या रुग्णाची आणि मर्मावर असलेली नाडी (नासूराची वाट) शस्त्राने न कापता क्षारसूत्राने कापावी असे सांगितले. सूत्र करायचे कसे हे त्याने तपशिलात दिले नाही. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात स्नुहीचा चीक आणि हळद यांच्या भावना, म्हणजे दोऱ्याला द्यायची पुटे, येतात. आज देशभर वापरले जाणारे सूत्र मात्र १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवले. विसाव्या क्रमांकाचा लिननचा शस्त्रक्रियेचा दोरा चौकटीवर ताणून बांधायचा. त्यावर स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगाच्या चिकाचे ११ लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे ७, मग चीक आणि हळदपूड यांचे ३, असे २१ लेप. प्रत्येक लेप पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही, म्हणून दिवसाला साधारण एकच होतो. आघाड्याचा क्षारही घरचा करायचा तर वाळलेले अख्खे झाड जाळून राख सहापट पाण्यात कालवायची, कापडातून २१ वेळा गाळायची आणि निवळ आटवायची. गाडीभर आघाड्यातून हाती येते ते अगदी थोडे.

बिघडते कुठे तेही सांगायला हवे. चीक काढून ठेवला की गोठतो, गोठलेला चीक दोऱ्यावर गाठीगाठींनी बसतो. लेप ओला असताना दुसरा चढवला तर थर एकमेकांना धरत नाहीत, वाटेतून ओढताना सोलून पडतात आणि आत साधा दोरा उरतो. क्षार हवेतली ओल खेचतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडे ठेवलेले सूत्र चिकट होते, क्षार विरघळून निघून जातो, म्हणून वाळवणीची पेटी आणि हवाबंद काचनळी हवीच. स्नुहीचा चीक डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते, तरी हातमोजे-चष्म्याशिवाय लेप चढवताना माणसे दिसतात. रुग्णाच्या बाजूने सर्वांत मोठी चूक सळईची. बाहेरच्या तोंडातून सळई घालून गुदमार्गातल्या बोटाला आतले तोंड लागले पाहिजे. ते सापडले नाही म्हणून जोर लावला तर खोटी वाट पडते, दोरा त्या वाटेला लागतो, वरची जखम भरते आणि मूळ तोंड आत तसेच राहते. काही महिन्यांत भगंदर परत. आत घोड्याच्या नालेसारखा पसरलेला पू आधी न काढता सूत्र बांधले तरी हेच. क्षयाचा किंवा क्रोन्स या आतड्याच्या दाहरोगाचा भगंदर असेल तर तुकडा तपासल्याशिवाय सूत्रावर सूत्र बदलत राहणे हा रुग्णाचा वेळ घालवणे आहे.

नीट केले तर सूत्र दर आठवड्याला बदलतात, जुन्याच्या टोकाला नवे बांधून ओढून घेतात, निघालेल्या सूत्राची लांबी मोजून लिहितात. आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर वाट कापली जाते, पाच सेंटिमीटरच्या वाटेला पाचसहा आठवडे. कापणे इतके संथ असल्याने मागोमाग ऊती भरत येते, गुदाच्या स्नायूची टोके एकदम फाकत नाहीत आणि मळावरचा ताबा राहतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हे गृहीत धरले नाही, तपासले. अनेक केंद्रांवर रुग्ण यादृच्छिक वाटून २६५ जणांना सूत्र आणि २३७ जणांना शस्त्रक्रिया दिली. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूत्राने बरे व्हायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. वर्षभरात भगंदर उलटला तो सूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. वेळ दुप्पट, उलटणे कमी: असा तोटा आणि फायदा दोन्ही दाखवणारा निकाल हाती असला की वैद्याला रुग्णापुढे खरे बोलता येते. आठ अंगांतल्या प्रत्येक दाव्याला मला हेच हवे आहे. संहितेतला विचार, त्यावर ठरीव कृती, मग तुलना, मग अधिकार.

अगदतंत्राची गोष्ट उलट आहे. सुश्रुताचे सर्पांचे वर्गीकरण बारकाईच्या निरीक्षणाचे आहे. फणेवाले दर्वीकर, अंगावर मंडले असलेले मंडली, पट्ट्यांचे राजिमंत. आपला नाग, घोणस आणि मण्यार डोळ्यांसमोर आणले की हे गट किती जवळ बसतात ते कळते. पण उपचारात त्याने दंशाच्या चार अंगुळे वर बंध, मग छेद, चोखणे, डाग आणि मंत्रही सांगितले आहेत. घोणसाच्या विषाने रक्त गोठत नाही. अशा रुग्णाला छेद दिला तर ते वाहतच राहते. करकचून बांधलेला बंध सुजलेल्या पायाचा रक्तपुरवठा तोडतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नसते, वेदना जवळजवळ नसते, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. तोवर झाडपाल्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. यावर उपाय एकच: अवयव न हलवता सरळ रुग्णालय, लक्षणे दिसताच सर्पविषरोधक लसीच्या ८ ते १० कुप्या शिरेतून, आणि श्वास थांबू लागला तर नळी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी ही लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होत आली आहे. अगदतंत्र शिकलेल्या वैद्याने तालुक्याच्या गावी करण्यासारखे काम भरपूर आहे: कोरड्या, स्वच्छ, नव्या काचनळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवणे आणि तिरके करून गोठले का ते पाहणे. नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. हे त्याला शिकवा, आणि दंशाच्या वेळी अगदाचा प्रयोग करण्याची मुभा काढून घ्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे गुन्हा ठरवले आहे. गंडादोरा नको तसा काढाही नको, इतके पुढचे पाऊल अगदतंत्राच्या विभागांनी स्वतः टाकावे.

भूतविद्येचा निकाल पदवीच्या अभ्यासक्रमाने न बोलता लावलाच आहे. चौदा विभागांत तिला, रसायनाला आणि वाजीकरणाला स्वतंत्र जागा नाही, ती कायचिकित्सेच्या पोटात गेली. ग्रहबाधा म्हणून वर्णिलेल्यांतली लहान मुलांची झटके-तापाची आणि मोठ्यांची उन्मादाची चित्रे आज बालरोग आणि मानसोपचारात ओळखू येतात. तिथे बळी-होम जाऊ द्यावेत. रसायनाबद्दल मात्र चिंता वाटते, कारण सर्वांत कमी तपासलेली ही शाखा सर्वांत जास्त विकली जाते. चरकाचे रसायन शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, झाल्यावर, वय आणि प्रकृती पाहून, देखरेखीत घेण्याचे आहे. दुकानातून आणून महिनोन्‌महिने प्यायलेला काढा हा त्याचा भाग नाही. करोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा वनस्पती नीट ओळखली होती का, अशी शंका मंत्रालयाने घेतली. शंका रास्त होती. पण मग प्रत्येक बाटलीतली वनस्पती कोणती, हे विकण्याआधी कोण तपासते?

रसशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांची औषधे करण्याची विद्या, तर या आठांत मुळी नाहीच, ते नंतर आले. पारा, शिसे, सोमल (आर्सेनिक) यांची कल्पे 'आयुर्वेद पाच हजार वर्षांचा' या एका वाक्याच्या आडोशाने खपतात. भस्म पाण्यावर तरंगते, बोटाच्या रेषांत भरते, एवढ्या परीक्षा आता पुरणार नाहीत. बॅचनिहाय धातूचे प्रमाण मोजून डबीवर छापले पाहिजे.

मग करायचे काय? ५८ क्रियांची यादी मोडून तिचे तीन भाग करावेत. क्षारसूत्र, क्षारकर्म, अग्निकर्म, जळवा, गळू, साध्या जखमा यांचा पूर्ण अधिकार शल्याच्या एमएसना द्यावा आणि त्यासाठी वैद्यांना अपराध्यासारखे वागवणे थांबवावे. हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू यांसारख्या क्रियांसाठी प्रत्येकी देखरेखीखालच्या संख्येची अट घालावी, ती नोंद बाहेरच्या परीक्षकाने तपासावी, आणि तीच संख्या आधुनिक शल्यविद्यार्थ्यालाही लागू असावी. पोट उघडण्याच्या आणि मोठी भूल लागणाऱ्या क्रिया ही पूर्वतयारी होईपर्यंत बाजूला ठेवाव्यात. क्षारसूत्राला बॅच क्रमांक, तारीख आणि मुदत असावी, वर्षभराचा पाठपुरावा नोंदवल्याशिवाय कोणत्याही केंद्राने यशाची टक्केवारी फलकावर लावू नये.

यावर हमखास येणारे उत्तर असे की खेड्यात दुसरा डॉक्टरच नाही, आयुर्वेदाचा पदवीधरच आधार आहे. ते खरे आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्राने १९९२ च्या अधिसूचनेने त्यांना आधुनिक औषधे वापरू दिली. पण ती मुभाही पदवीला एकगठ्ठा मिळाली, शाखेला किंवा कौशल्याला नाही. परिणाम असा की कायचिकित्सेत चांगला असलेला वैद्य अँटिबायोटिक लिहिण्यात दिवस घालवतो आणि त्याची स्वतःची विद्या गंजते. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेल्या हाताची शस्त्रक्रिया चालेल, हा विचार मला मान्य नाही. त्याला जवळ हवा तो मण्यारीची पापणी ओळखणारा, भगंदराचे आतले तोंड सापडेपर्यंत सळईला जोर न देणारा आणि मोतीबिंदू दिसला की तालुक्याच्या नेत्र-रुग्णालयाची चिठ्ठी त्याच दिवशी लिहिणारा वैद्य. आणि त्याच्या संमतिपत्रावर, रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत, एक रकाना हवा: ही क्रिया करणाऱ्याने आजवर ती किती वेळा केली आहे.